तुम्ही विचारलंत म्हणून : आधी व्हिलनच का?

शनिवार-रविवार दुपारी माझ्याकडे चित्रकलेचा क्लास असतो. नाशिकच्या पंचवटीत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. बारा-तेरा पोरं, सतरंजी, मांडीवर पॅड. क्लास सुटला की पालक दाराशी येतात. चपलांच्या ढिगातून आपल्या पोराची जोडी शोधता शोधता एक जण तरी विचारतोच, "ताई, तुम्ही मुलांना आधी व्हिलनच का हो काढायला लावता? हिरो काढू द्या की." बहुतेक जण हसत विचारतात. एक आजोबा मात्र हसले नव्हते. "राहतो कुठं आपण, आणि कार्टं घरी बसून राक्षस काढतंय," म्हणाले.

दारात उभ्या उभ्या मी आजवर दिलेलं उत्तर काही धड नव्हतं. "तसं शिकवायला सोपं जातं," म्हणून वेळ मारून न्यायचे. आता नीट सांगते.

सुरुवातीला मीही हिरोच काढायला सांगायचे. बारा पोरं बारा सारखे हिरो काढायची. रुंद छाती, त्यावर एक अक्षर, मागे फडफडणारा झगा, कमरेवर हात. मग पेन्सिली खाली. मी विचारायचे, "हा काय करतो?" "वाचवतो." "कुणाला?" "सगळ्यांना." "कशापासून?" इथे सगळे गप्प, एखादं पोर खोडरबर नाकाला लावून वास घेत बसलेलं. हिरोची ही अडचणच आहे. तो स्वतःहून काही करत नाही. आग लागल्याशिवाय बंब निघत नाही, तसं त्याचं. काहीतरी हवं असतं ते व्हिलनला. बँक हवी असते, शहर हवं असतं, कुणाचा तरी सूड हवा असतो. कथेला पहिला धक्का तो देतो.

आणि हे माझं डोकं नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची शाळकरी जोडगोळी. जानेवारी १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच काढलेल्या छोट्या मासिकात 'सुपरमॅन' नावाचा माणूस आणला. तो टकला होता, दुसऱ्याच्या मनातलं वाचायचा आणि त्याला जगावर राज्य करायचं होतं. म्हणजे पहिला सुपरमॅन चक्क खलनायक! निळ्या कपड्यांतला, दुसऱ्या ग्रहावरून आलेला भला माणूस पुढे जून १९३८ च्या अंकात आला, आणि त्याचे हक्क दोघांनी १३० डॉलरला विकून टाकले. (तो हिशेब काढला की आजही पोटात तुटतं. चित्रकाराला व्यवहार शिकवणारा क्लास कुणीतरी काढायला हवा.) दोन वर्षांनी त्याला लेक्स लूथर हा वैरी मिळाला. त्याला आधी लाल केस होते, लवकरच तो टकला झाला. पहिल्या सुपरमॅनचं टक्कल फिरून वैऱ्याच्या डोक्यावर आलं, असं मी पोरांना सांगते. ते खोखो हसतात आणि लगेच व्हिलनला टक्कल काढतात. तेव्हा मला तोंड आवरायला हवं होतं असं वाटतं.

दुसरा मुद्दा चपलांचा. क्लासच्या दाराशी रोज एखादं पोर उलट्या चपला घालून निघतं. चप्पल उलटी होते, कारण डावी आणि उजवी जवळजवळ सारखी असते. चप्पल आणि छत्री यांची अदलाबदल कुणी करत नाही. पोरांची पहिली कल्पना असते ती चप्पल-छत्रीची. हिरोला पंख आहेत, व्हिलनकडे रणगाडा आहे. हे दोघं वेगळे आहेत, उलटे नाहीत, आणि म्हणून त्यांच्यात गोष्टही घडत नाही. उलटं व्हायला आधी बरंचसं सारखं असावं लागतं.

म्हणून आमचा एक खेळ आहे. फुलस्केपवर व्हिलनचा चेहरा काढायचा, त्यावर बटर पेपर ठेवायचा, आणि फक्त तीन रेघा बदलून त्याचाच हिरो करायचा. पहिली रेघ सगळेच भुवईची बदलतात. दुसरी तोंडाची. तिसरीपाशी मात्र गाडी अडते. डोळे मोठे करून बघतात, हनुवटी चौकोनी करतात, खोडतात. एकदा एका मुलीने चेहऱ्याला हातच लावला नाही. तिने मानेखालचा वर चढवलेला खांदा जरासा उतरवला. बस्स. अंगावर येणारा माणूस एकदम दमलेला, भला, घरी परतणारा दिसायला लागला. मी पंचवीस वर्षं चित्रं काढतेय, मला हे सुचलं नव्हतं.

बॅटमनचा वैरी जोकर, त्याचा चेहरा असाच उसना आहे. १९२८ च्या एका मूकपटात कॉनराड फाइट नावाच्या नटाने चेहऱ्यावर कायमचं हसू कोरलेल्या माणसाचं काम केलं होतं. त्याच्या फोटोवरून जोकरचं हसू आलं. सिनेमातला तो माणूस स्वभावाने गरीब, लोकांनी छळलेला. चेहरा तोच, आतला माणूस बदलला. आणि बॅटमन शेजारी उभा करून बघा. काळा झगा, टोकदार कान, रात्रीच हिंडणारा, हसणं ठाऊक नाही. दुसऱ्याच्या अंगात जांभळा कोट, केस हिरवे, तोंडभर हसू. ज्याने यातलं काही वाचलेलं नाही तो सरळ सांगेल की काळा तो दुष्ट आणि रंगीत तो जत्रेतला विदूषक. १९४० च्या ज्या अंकात जोकर पहिल्यांदा आला, त्याच अंकाच्या शेवटी तो मरायचा होता. संपादकाने आणखी एक चौकट घालायला लावून त्याला जिवंत ठेवलं. त्या एका चौकटीवर पंच्याऐंशी वर्षांचा धंदा उभा आहे.

बॅटमनच्याच दुसऱ्या वैऱ्याबद्दल, टू-फेसबद्दल, फार बोलत नाही. १९४२ चा तो, अर्धा चेहरा शाबूत, अर्धा जळका. दोन्हीकडे छाप असलेलं त्याचं नाणं, त्यातली एक बाजू खरवडलेली. आपल्या 'शोले'तल्या जयच्या नाण्याला निदान ओरखडा तरी नव्हता. हा पोरांना फार आवडतो, मला नाही. जोडी एकाच माणसात कोंबली की सगळं फार स्पष्ट होऊन बसतं.

माझं स्वतःचं बालपण वेताळावर, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमवर गेलं. वडील रद्दीच्या दुकानातून इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक किलोवर आणायचे. घरात चांदोबाही यायचा, त्यामुळे माझा बरीच वर्षं घोळ होता. चांदोबात वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालायचा, आणि इंद्रजालमध्ये तोच अंगाला घट्ट कपडे घालून चाच्यांना बडवायचा. मला वाटायचं, राजाच्या पाठीवरून उतरल्यावर हा सुधारला असणार. मोठेपणी लक्षात आलं की या वेताळाच्या इतक्या गोष्टी वाचूनही एकाही शत्रूचा चेहरा मला धड आठवत नाही. चाचे, तस्कर, एखादा हुकूमशहा, सगळे येऊन मार खाऊन गेलेले. त्याला तोलामोलाचा वैरी भेटलाच नाही. त्याच्या दोन अंगठ्या मात्र लख्ख आठवतात. उजव्या हातात कवटीची, ठोसा बसला की गुन्हेगाराच्या जबड्यावर जन्मभराचा ठसा. डाव्या हातातली अंगठी अभयाची. तिचं चिन्ह ज्याला मिळालं त्याला कुणी हात लावायचा नाही. जोडी होती ती त्याच्या दोन हातांत होती. आमच्या घरी भिंतीवर कवटीचे ठसे उठले होते, बटाटा कापून त्याचा शिक्का केलेला. अभयाचा शिक्का करायचं काही मला सुचलं नाही.

सगळ्यांत लाडकी जोडी मात्र 'फँटॅस्टिक फोर' कॉमिक्समधला हिरो रीड रिचर्ड्स आणि त्याचा वैरी डॉक्टर डूम यांची. डूम आला १९६२ साली, त्याची सविस्तर हकीकत आली १९६४ च्या वार्षिक अंकात. दोघं एका कॉलेजात, दोघंही अफाट हुशार. रीड म्हणतो, आपण एका खोलीत राहू. डूम त्याला झिडकारतो. पुढे डूम गुपचूप एक यंत्र बनवत असतो. रीडच्या नजरेला त्याचे कागद पडतात आणि तो सहज सांगतो, अरे, तुझे दोन-चार दशांश चुकलेत. डूम त्याला हाकलतो. यंत्र फुटतं, चेहरा भाजतो, कॉलेज काढून टाकतं. डूम पोलादी मुखवटा घडवून घेतो आणि तो पुरता गार व्हायच्या आत तोंडावर चढवतो. पुढे एका देशाचा राजा होतो. सगळं मिळवतो, पण रीडचा पिच्छा सोडत नाही.

गंमत बघा, रीडने त्याचं काहीही वाकडं केलेलं नाही. चूक दाखवली एवढंच. पण राग चूक दाखवल्याचा नाहीच, ती चूक खरी निघाल्याचा आहे. असे डूम प्रत्येक कचेरीत असतात, प्रत्येक भाऊबंदकीत असतात. आपण त्याला मत्सर म्हणत नाही, "आमचं जरा पटत नाही" म्हणतो. माझाही एक डूम आहे. पाच वर्षं आमचं बोलणं नाही. त्याला विचारलंत तर डूम मी आहे असं सांगेल, आणि त्याचंही अगदीच चूक असेल असं नाही.

मॅग्नेटोचं सांगायलाच हवं. १९६३ साली एक्स-मेनच्या पहिल्याच अंकात तो आला, तेव्हा सरळसोट दुष्ट होता. १९८१ मध्ये लेखक ख्रिस क्लेअरमाँटने त्याच्या तोंडी ऑशविट्झच्या छळछावणीतल्या बालपणाची आठवण घातली. बदलला तो मॅग्नेटो, पण खरं वजन वाढलं ते समोरच्या, एक्स-मेनचे गुरू असलेल्या प्रोफेसर एक्झेव्हियरचं. माणसांवर विश्वास ठेवा, हे त्याचं म्हणणं तोवर शाळेतल्या सुविचारासारखं होतं. आता तेच म्हणणं, माणसं काय करू शकतात हे डोळ्यांनी पाहून आलेल्या मित्राला सांगायचं होतं. हिरोचा एक शब्दही न बदलता हिरो मोठा झाला.

आता त्या आजोबांना. आजोबा, तुमचा रोख कळला होता. पण आपण राहतो कुठे ते बघाच. इथून चालत तपोवनात जा. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते तिथे, गावाला नाशिक नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. येताना सीता गुंफेपाशी थांबा. साधूच्या वेशातला रावण सीतेच्या दाराशी आला तो या पंचवटीत. वनवास तेरा वर्षं बऱ्यापैकी शांतपणे चालला होता. राम काही रावणाला शोधत हिंडत नव्हता. शूर्पणखा काहीतरी मागत पर्णकुटीच्या दाराशी आली, अपमान होऊन गेली, आणि रामायणाचा गाडा आमच्या नाशकातून लंकेच्या वाटेला लागला. दोघंही राजे, दोघंही शूर, दोघंही शंकराचे भक्त. दसऱ्याला रामकुंडावर रावण जळताना आपण बघतो, तेव्हा त्याची दहा तोंडं रंगवणाऱ्याने आधी दहा वेळा विचार केलेला असतो. पेठ-त्र्यंबकच्या बाजूला बोहाडा बघितला असेल तुम्ही. देवांची सोंगं आणि राक्षसांची सोंगं एकाच रात्री, एकाच अंगणात, त्याच वाद्यांवर नाचतात. राक्षसाचा मुखवटा उतरला की आतून गावातलाच घामाघूम झालेला माणूस निघतो. तुमचा नातू राक्षस काढतोय तो या गावचाच आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगून थांबते. पाचवीतला एक मुलगा. त्याचा व्हिलन फक्त कानांचा होता. सुपाएवढे कान, सगळ्या शहरातलं ऐकू येणारे. हिरो वाऱ्यासारखा धावणारा. मी विचारलं, "हे दोघं एकमेकांना ओळखतात का?"

"नाही."

"मग भांडतात कशाला?"

तो पेन्सिल चावत बसला. पुढच्या शनिवारी सतरंजीवर बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, ते दोघं एकाच रिक्षाने शाळेत जायचे." हिरो आत, खिडकीच्या बाजूला. व्हिलन रिक्षावाल्या काकांच्या शेजारी, अर्धा बाहेर. एक दिवस शाळा सुटल्यावर रिक्षा त्याला न घेताच निघाली. तो मागून पळत येताना आतल्या मुलाला दिसत होता. पण तो बोलला नाही.

"का नाही बोलला?"

"जागा झाली होती ना ऐसपैस."

मग कान कशाने एवढे झाले, ते त्यानेच सांगितलं. तेव्हापासून तो रोज रिक्षाच्या हॉर्नकडे कान लावून असतो. मी काही म्हटलं नाही. त्याने हिरोच्या पायांमागच्या वेगाच्या रेघा खोडल्या, कागद भुरभुरा होईपर्यंत, आणि तोंड मोठं उघडं काढलं. आता त्याच्या हिरोची ताकद धावण्याची नव्हती, ओरडण्याची होती. भिंती पडतील असं ओरडतो म्हणे. तोंडाशी फुगा काढून त्यात अक्षरं बसवायला त्याने अर्धा तास घेतला. फुगा लहान पडला, शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलं : "थांबा काका, एक जण राहीलाय".

ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केलं नाही.