टॉवरवर लटकलेल्या माणसाला खाली कोण आणणार?

मोबाइलच्या किंवा रेडिओच्या टॉवरवर चढणाऱ्याच्या अंगावरचे सुरक्षा-पट्टे, म्हणजे हार्नेस, माणसाला जमिनीवर आपटू देत नाही, एवढंच त्याचं काम. पडणं थांबलं म्हणजे माणूस वाचला असं धरून बऱ्याच साइटवर त्यापुढचा विचारच केलेला नसतो. ४० मीटरवर बेशुद्ध लटकलेल्या माणसाकडे कोण चढणार, कुठली दोरी वापरणार, अँकर (दोरी बांधायची भक्कम जागा) कुठे घेणार, याची उत्तरं पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी तयार नसतील तर चढायचंच नाही, असं आमचं ठाम मत आहे.

अग्निशमन दलाला फोन करणं ही सुटकेची योजना नव्हे. त्यांच्या बऱ्याच शिड्या ३० मीटरच्या आसपास संपतात, गाडी टॉवरच्या पायथ्यापर्यंत जाईलच याची खात्री नसते आणि लॅटिस (लोखंडी अँगलच्या जाळीच्या) टॉवरवरून दोरीने माणूस उतरवण्याचा सराव प्रत्येक तुकडीला असतोच असं नाही. फोन लगेच करायचा, पण पहिल्या दहा मिनिटांतलं काम टॉवरवरच्या जोडीदारालाच करावं लागतं. म्हणून एकट्याने चढणं बंद. साइटवर किमान दोन जण चढू शकणारे आणि सुटकेचं प्रशिक्षण घेतलेले हवेत. चढता न येणारा ड्रायव्हर हा दुसरा माणूस धरता येत नाही.

घाई कशासाठी, तर हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलं की पायाचे स्नायू रक्त वर ढकलेनासे होतात. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी येतं, मेंदूला कमी पडतं. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग शुद्ध जाते. जमिनीवर चक्कर आलेला माणूस आपोआप आडवा होतो आणि सावरतो. हार्नेस त्याला उभाच धरून ठेवतो. हे कुणाला किती मिनिटांत होईल ते आधी सांगता येत नाही. शुद्धीत असलेल्याने पाय सतत हलवत राहायचं, जवळच्या लोखंडावर टाच टेकवायची, हार्नेसच्या बाजूच्या पिशवीतले पट्टे काढून त्यांची रिकीब करायची आणि त्यात उभं राहायचं. या पट्ट्यांना सस्पेन्शन रिलीफ स्ट्रॅप म्हणतात. ते हार्नेसवर नसतील तर आजच लावून घ्या. १२० सेंटिमीटरचा स्लिंगही (शिवलेला गोल पट्टा) त्या जागी चालतो, मात्र तो हाताला लागेल असा अडकवलेला हवा.

सुटका फक्त पडलेल्याचीच करावी लागते असंही नाही. उन्हाचा तडाखा, मधमाश्या, विजेचा धक्का, छातीत दुखणं, तिरप्या अँगलमध्ये अडकलेला पाय, यांतलं काहीही झालं तरी माणूस पोझिशनिंग लॅनयार्डवर (काम करताना टेकायला टॉवरभोवती घेतलेल्या दोरीवर) टेकून बसल्या जागी निपचित पडू शकतो. योजनेत ही शक्यताही धरायची.

आता लॅनयार्ड, म्हणजे हार्नेस टॉवरला जोडणारा हुकवाला पट्टा. चढताना एक हुक कायम लोखंडाला, हा १०० टक्के टाय-ऑफचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. चुका होतात त्या बारीकसारीक जागी. दुहेरी लॅनयार्ड म्हणजे दोन पाय (हुक असलेले दोन पट्टे) आणि पडल्यावर फाटत उघडून झटका कमी करणारा एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर. त्याऐवजी काही जण दोन सुटी लॅनयार्ड वापरतात, प्रत्येकाला स्वतंत्र अ‍ॅब्सॉर्बर. दोन्ही हुक एकाच वेळी लावलेले असताना माणूस पडला तर दोन्ही अ‍ॅब्सॉर्बर मिळून भार घेतात, कुठलाच नीट फाटत नाही आणि शरीरावरचं बल जवळपास दुप्पट होतं.

दुसरी चूक त्याहून जास्त दिसते. एक पाय लोखंडाला लावलेला आणि रिकामा पाय हार्नेसच्या कमरेवरच्या डी-रिंगमध्ये (कडीत) अडकवलेला. दिसायला नीटनेटकं, पण घातक. पडल्यावर भार अ‍ॅब्सॉर्बरला वळसा घालून रिकाम्या पायातून थेट कमरेच्या रिंगवर जातो. अ‍ॅब्सॉर्बर उघडतच नाही, सगळा झटका कंबर आणि पाठीचा कणा खातो. रिकामा हुक ठेवायला हार्नेसच्या छातीच्या पट्ट्यावर थोड्या ओढीने सुटणारा कीपर असतो. तो तुटला असेल तर हुक खाली लोंबकळू द्या, पण कमरेच्या रिंगमध्ये नको.

हुक कायम डोक्याच्या वर. युरोपीय मानक ईएन ३५५ प्रमाणे अ‍ॅब्सॉर्बरची चाचणी १०० किलो वजनावर होते आणि झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. अवजारांसकट आपलं वजन १०० किलोच्या वर जात असेल तर लेबलवरची कमाल मर्यादा वाचा. हुक पायाशी असताना पडलं तर अँकरखाली किती मोकळी जागा लागते ते मोजू: लॅनयार्ड २ मीटर, अ‍ॅब्सॉर्बर उघडून वाढणारी लांबी १.७५ मीटरपर्यंत, पाठीच्या रिंगपासून पावलापर्यंत सुमारे १.५ मीटर आणि शिवाय १ मीटर राखीव. झाले सव्वासहा मीटर. लॅटिस टॉवरवर खाली सव्वासहा मीटर मोकळे मिळतच नाहीत. मधे अँटेनाचा माउंट, प्लॅटफॉर्म, अँगल काहीतरी असतंच. म्हणजे हार्नेसने थांबवण्याआधीच माणूस लोखंडावर आदळतो.

अँकर म्हणून टॉवरचा लेग (कोपऱ्यातला मुख्य खांब) किंवा लेगला अँगल जिथे मिळतो ती जागा घ्यायची. केबल ट्रे, फीडर केबल, कंड्युइट, अँटेनाचा पाइप, दिव्याचा ब्रॅकेट यांना हुक लावायचा नाही. पाय ठेवायच्या स्टेप बोल्टवरूनही हुक निसटतो. लॅनयार्ड लोखंडाभोवती गुंडाळून स्वतःच्याच पट्ट्यात हुक अडकवायचा नाही. त्यासाठी खास बनवलेलं लॅनयार्ड असेल तरच. कॅराबिनरचं (उघडमिट होणाऱ्या कडीचं) तोंड लोखंडाच्या कडेवर दाबलं जात नाही ना, भार आडवा पडत नाही ना, हे दर वेळी डोळ्यांनी बघायचं. आणि पोझिशनिंग लॅनयार्ड फक्त काम करताना टेकायला असतं. ते लावलं म्हणून अ‍ॅब्सॉर्बरवालं काढायचं नाही.

टॉवरला चढण्याची सेफ्टी केबल असेल तर तिच्यावर आंधळा विश्वास नको. तिच्यावर सरकणारा आणि झटका बसला की पकडणारा स्लीव्ह छातीच्या रिंगला लावतात, पाठीच्या नाही. सुरुवातीलाच, पाय जमिनीलगत असताना, झटका देऊन तो पकडतो का ते पाहायचं. केबलची तार तुटलेली, गंज चढलेला, खालचा ताण ढिला किंवा वरचा ब्रॅकेट सैल दिसला तर दुहेरी लॅनयार्डवर चढायचं. एका वेळी किती माणसं चढू शकतात ते केबलच्या पाटीवर असतं. पाटी नसेल तर एकच.

हवामानाचं थोडक्यात: गडगडाट ऐकू आला की खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर नाही. ओलं लोखंड आणि जोराचा वारा असेल तर काम पुढे ढकला.

रेडिओलहरींबाबत मात्र तडजोड नाही. पॅनेल अँटेनाच्या पुढून जायचं असेल तर त्या सेक्टरची (त्या दिशेच्या अँटेनांची) पॉवर बंद करून घ्यायची, बंद केलेल्या स्विचला कुलूप आणि टॅग लावायचा आणि अंगावर आरएफ मॉनिटर (रेडिओलहरी वाढल्या की इशारा देणारं यंत्र) ठेवायचा. टॉवरवर एकाहून जास्त कंपन्यांचे अँटेना असतात. एकाने बंद केलं म्हणजे सगळे बंद झाले असं नव्हे. मध्यम लहरींच्या आकाशवाणी केंद्रांवर बऱ्याचदा अख्खा मनोराच अँटेना असतो, त्याला जमिनीवरून हात लावणंही धोक्याचं. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. आडजागी तोच टॉवर त्या भागाचं नेटवर्क देत असतो. तो बंद केला की तुमचा मोबाइलही बंद, आणि नेमका तेव्हाच कुणाला मदतीला बोलवायचं असतं. पॉवर बंद करण्याआधी दुसऱ्या कंपनीचं सिम चालतं का ते पाहा किंवा फोन लागेल अशी जवळची जागा हेरून ठेवा. वरच्या आणि खालच्या माणसात वॉकी-टॉकी हवाच. साइटचे अक्षांश-रेखांश, फाटकाची किल्ली कुणाकडे आणि शेवटच्या वळणाची खूण हे कागदावर लिहून गाडीच्या काचेला लावा.

सुटकेची बॅग गाडीत कुलूपबंद ठेवू नका. पायथ्याशी उघड्यावर, किंवा टॉवर उंच असेल तर कामाच्या पातळीवर वर नेऊन ठेवा. त्यात ११ मिलिमीटरची कमी ताणणारी दोरी, दोन माणसांच्या भाराला मंजूर असलेला, हँडल सोडलं की आपोआप थांबणारा डिसेंडर (दोरीवरून हळूहळू उतरवायचं साधन), दोन अँकर स्लिंग, सहा लॉकिंग कॅराबिनर, उचलायला छोटा पुली सेट, कडेवर टाकायला दोरीचं संरक्षक आवरण आणि दोरीने अडकवलेली कात्री. ४० मीटरच्या टॉवरवर वरून सोडायचं असेल तर किमान ५० मीटर दोरी. वर पुली लावून जमिनीवरून सोडायचं असेल तर दुप्पट उंची आणि वर थोडी, म्हणजे ९० ते १०० मीटर. दोरीच्या मोकळ्या टोकाला गाठ मारलेली असलीच पाहिजे, नाहीतर दोरी अपुरी पडली की टोक डिसेंडरमधून निघून जातं.

माणूस वर लटकलेला आहे. आधी पॉवर बंद आहे का, मधमाश्या किंवा विजेचा धोका अजून आहे का, ते बघायचं. मग चढणारा स्वतः १०० टक्के टाय-ऑफ ठेवून त्याच्या वर जातो. त्याच्या डोक्यावर मीटर-दीड मीटर अंतरावर, शक्य तितक्या त्याच्या सरळ वर, लेगला स्लिंगचा अँकर घेतो आणि डिसेंडर लावतो. दोरीचं टोक जखमीच्या छातीच्या किंवा पाठीच्या रिंगला. दोरीची ढील काढून डिसेंडर लॉक करतो. आता जखमीचं लॅनयार्ड ताणलेलं आहे, आणि नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं. ताण असताना हुक उघडतच नाही. त्याला १५-२० सेंटिमीटर उचलावं लागतं. तीनास एक पुली सेटने १०० किलो उचलायला हिशोबाने ३३ किलोची ओढ पुरावी, पण घर्षणामुळे प्रत्यक्षात बरीच जास्त लागते. आणि २० सेंटिमीटर वर आणायला ६० सेंटिमीटर दोरी खेचावी लागते. लॅनयार्ड ढिलं पडलं, भार दोरीवर आला हे हाताने चाचपून मगच हुक काढायचा. सेफ्टी केबलच्या स्लीव्हचंही तेच, वजन उतरल्याशिवाय तो सुटत नाही. कात्री हा शेवटचा उपाय, आणि कापण्याआधी कुठला पट्टा कापतोय ते मोठ्याने बोलायचं. ताणलेल्या दोरीला पातं नुसतं टेकलं तरी ती तुटते, मग ती तुमची दोरी का असेना.

उतरवताना वेग हळूच ठेवायचा. दोन माणसांचा भार असेल तर डिसेंडर तापतो आणि दोरी वितळायला लागते. ब्रेकच्या बाजूला एक जास्तीचा कॅराबिनर घालून घर्षण वाढवायचं. खालच्याने टॅग लाइनने (जखमीला बांधलेल्या, खालून धरायच्या दोरीने) माणसाला टॉवरपासून लांब धरायचं, नाहीतर प्रत्येक माउंटवर त्याचं डोकं आपटतं.

खाली आल्यावर आधी श्वास आणि नाडी. बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर आडवं ठेवून वायुमार्ग मोकळा ठेवायचा. श्वास नसेल तर सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं). लटकलेल्याला अर्धा तास बसवून ठेवायचं, लगेच आडवं केलं तर साचलेलं रक्त हृदयाकडे धावून मृत्यू येतो, असा सल्ला अजूनही दिला जातो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात त्याला पुरावा सापडला नाही आणि नेहमीचेच प्रथमोपचार करावेत असं सांगितलं. किती मिनिटं लटकला होता हे लिहून रुग्णवाहिकेसोबत पाठवा, डॉक्टरांना ते लागतं. माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात न्यायचाच.

झटका खाल्लेलं हार्नेस आणि लॅनयार्ड त्याच दिवशी कापून टाका, कपाटात ठेवलं की महिन्याभराने कुणीतरी ते घालून चढतो. सराव मात्र १०० किलोच्या बाहुल्यावर आणि जमिनीपासून ३ मीटरवर करायचा, जिवंत माणूस लटकवून नाही. घड्याळ लावा. हातमोजे घालूनच करा, कारण वर हातमोजे असतातच. सरावानंतर दोरी वेटोळं करून नव्हे, तर टोकापासून बॅगेत कोंबून भरा, म्हणजे पुढच्या वेळी ती न गुंतता सरळ बाहेर येईल.