17 तास 33 मिनिटं

दुपारी जेवण झालं की भलतंच काहीतरी सर्च करत बसायची मला खोड आहे. परवा शोधलं सिंगापूर ते न्यूयॉर्क अंतर. जायचंय का? नाही. तिकडे कोणी ओळखीचं? तेही नाही. उत्तर आलं 15,340 किलोमीटर आणि खाली विमानाचा वेळ, 17 तास 33 मिनिटं.

त्या 33 मिनिटांनीच माझं डोकं फिरलं. हे लोक काय करतात तर अंतराला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगानं भागतात, वर टेक-ऑफ लँडिंगचा म्हणून अर्धा तास टाकतात, झाला वेळ! खरं विमान साडेअठरा तासांच्या आसपास घेतं. आणि जाताना-येताना एकच आकडा कसा असेल? लंडनहून न्यूयॉर्कला जायला साडेसात-आठ तास लागतात, परत येताना तासभर तरी कमी, कारण वर दहा-बारा किलोमीटरवर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतो. 2020 च्या फेब्रुवारीत वादळ होतं तेव्हा एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 5 तासांच्या आत पोचलं होतं. म्हणजे अंतर तेच, वारा मेहेरबान. आता हे 33 मिनिटंवाल्यांना कोण सांगणार.

लहानपणी मी हे सगळं दोऱ्यानं मोजायचो. घरी पत्र्याचा एक पृथ्वीगोल होता, विषुववृत्तावर दोन अर्ध्या वाट्या जोडलेल्या, तिथे बरोब्बर चीर गेलेली, त्यात नख घालून मी अख्खा पॅसिफिक खरवडून काढला होता. आजीच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा पळवायचा, एका गावावर बोट, दुसऱ्यावर बोट, दोरा ताणायचा, मग फूटपट्टीवर धरायचा. भिंतीवरच्या नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोलावर ताणली की भलतीकडेच सरकायची, लंडन-न्यूयॉर्कचा दोरा चांगला वर वर जायचा. मला वाटायचं माझं बोट हलतंय. आजीला वेगळीच काळजी, दोरा परत रिळावर गुंडाळला का.

पण सिंगापूर-न्यूयॉर्क काही जमायचं नाही. दोन्ही गावं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर, त्यामुळे दोरा ताणला की थेट उत्तर ध्रुवावर, आणि तिथे होता स्क्रू. गोल ज्यावर फिरतो तो, गंजलेला, डोकं वर आलेला. दोरा त्याला अडकायचा, नाहीतर घसरून रशियात जायचा. चार-पाच वेळा करून मी वैतागून बाबांकडे गेलो तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, अरे तिथून कोण जातंय, बर्फ आहे नुसता, दुसरी गावं घे. मग मी दुसरी घेतली.

परवा स्क्रीनवरचा गोल बोटानं फिरवून पाहिला. रेघ ध्रुवाला जवळपास चिकटून गेली, स्क्रू नाही, गंज नाही, काही नाही. प्रत्यक्षात या फेरीची विमानं वारा बघून कित्येकदा पॅसिफिकवरूनच जातात म्हणे, माझ्या खरवडलेल्या भागावरून.

पण पूर्वी ध्रुवाजवळूनही जायची हं बाबा. वारा बरा असला तर जायची.