टेस्ट राइडला निघताना शॉक पंप सोबत घ्या

फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) सायकल दुकानासमोरच्या डांबरावर फिरवून काही कळत नाही. टेकडीवर नेली तरी बरेचदा आपण तपासतो ती शॉकमध्ये (धक्के झेलणाऱ्या नळकांड्यात) आधीच्या गिऱ्हाइकाच्या वजनाला भरलेली हवा. म्हणून आधी सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते.

हेल्मेट, बूट, पाण्याची बॅग असं सगळं अंगावर घेऊन, लॉकआउट (शॉक कडक करणारा खटका) उघडा ठेवून, भिंतीला हात टेकून बसा. ओ-रिंग (शॉकच्या दांड्यावरचं रबरी कडं) सीलपर्यंत सरकवा आणि धक्का न देता उतरा. मागे २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २० टक्के सॅग ठीक. मागचा हिशोब शॉकच्या स्ट्रोकवर (शॉक एकूण किती दबतो) करायचा, चाकाच्या ट्रॅव्हलवर (चाक एकूण किती वर सरकतं) नाही. सायकलचा ट्रॅव्हल १३० मिमी असला तरी शॉकचा स्ट्रोक ५० मिमी असेल, तर ओ-रिंग १३ ते १५ मिमी सरकलेली दिसायला हवी. हवा भरली की शॉक दहाएक वेळा दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो. त्याआधीचा आकडा धरू नका. पंप काढताना फुस्स होतं ते नळीतल्या हवेमुळे. घाबरून पंप पुन्हा जोडलात तर नळी भरायला शॉकमधलीच हवा जाते आणि काटा कमी दाखवतो.

टायरही बघा. दुकानात बहुधा टणक फुगवलेले असतात. मग सायकल दगडांवर उडते आणि खापर शॉकवर फुटतं. ७० किलोच्या माणसाला २.४ इंची ट्यूबलेसमध्ये पुढे २२, मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करता येते. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, नाहीतर बसाल्टच्या धारेवर ती रिमखाली चिमटते.

पुण्यात वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी पाच-सात मिनिटांचा एकच तुकडा निवडा: बसून मारायचा चढ, सुट्या मुरमाचं वळण, दगडी उतार. (सकाळी सातला नको, वळणावर फिरायला आलेले आजोबा भेटतात.) तोच तुकडा पुन्हा पुन्हा मारा आणि दर फेरीला एकच गोष्ट बदला.

सगळ्यात फसवतो तो रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत वर येतो ते. तो फार मोकळा असेल तर मागचं चाक उसळून सीट ढुंगणावर आपटते. हे लगेच कळतं. फार आवळलेला असेल तर पुढचा दगड येईपर्यंत शॉक वर येतच नाही, प्रत्येक धक्क्याला आणखी खाली बसत जातो आणि सायकल कडक वाटते. अशा वेळी लोक हवा कमी करतात, म्हणजे दुखणं वाढवतात. रिबाउंडचा नॉब दोन क्लिक मोकळा करून बघा.

चढावर शॉक थोडा हलणारच. बसून एकसारखं पेडल मारतानाही ओ-रिंग सॅगच्या खुणेपलीकडे बरीच जात असेल तर मात्र नोंद घ्या. पेडल दगडांना लागत असेल तर आधी सॅग पुन्हा मोजा, मग फ्रेमला नावं ठेवा.

डेमोची किंवा वापरलेली सायकल असेल तर सीट धरून मागचं चाक जेमतेम उचला. टक् असा खेळ जाणवला तर शॉकच्या टोकाला बोट लावून पुन्हा उचला. तिथेच हलत असेल तर बुश (शॉकच्या टोकातली बारीक नळी) बदलून भागतं. पिव्हटमध्ये (फ्रेमच्या सांध्यात) असेल तर आधी बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासायला लावा. तरी राहिला तर बेअरिंगचा संच आणि मजुरी किमतीतून वजा करून मागा.