‘सॅटिस्फॅक्शन’ कुणाचं?

खानापूरकडच्या एक आज्जी, त्यांचा बारावीतला नातू आणि समोरच्या पार्टीचा माणूस, असे तिघे माझ्या टेबलाशी आले. मी बेळगावात कोर्टाबाहेर टायपिंग करतो. कागदावर आज्जींच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तेवढं सुधारून पान नव्याने काढायचं होतं. पाच मिनिटांचं काम.

आज्जींच्या बाजूने पैशाची डिक्री, म्हणजे समोरच्याने पैसे द्यावेत असा कोर्टाचा निकाल, झालेली, व्याजासकट येणं एक लाख चाळीस हजारांच्या घरात. कागदात लिहिलं होतं की साठ हजार मिळाले, ‘इन फुल सॅटिस्फॅक्शन ऑफ द डिक्री’.

“आज्जी, ह्यात काय लिहिलंय ठाऊक आहे न्हवं?”

“नातवानं वाचलं की. साठ हजार समाधानानं मिळाले म्हणून.”

पोरगा इंग्रजी माध्यमाचा, हुशार. त्याने शाळेत शिकवलेला अर्थ बरोबर सांगितला होता. पण कोर्टात समाधान माणसाचं होत नाही, डिक्रीचं होतं. मूळ लॅटिन शब्द ‘पुरेसं करणं’ अशा अर्थाचा, आणि ऋणको धनकोचं देणं भागवतो त्यालाही तोच लावत. त्या सहा शब्दांवर सही झाली की उरलेले ऐंशी हजार गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे कोर्टात तशी नोंद झाली की दरखास्त, म्हणजे डिक्रीची वसुली करून मागणारा अर्ज, संपली.

हे शब्द असेच आहेत. ‘एक्झिक्यूशन’ म्हणजे खत करून देणं, डिक्रीची अंमलबजावणी आणि फाशीसुद्धा. दरखास्तीच्या नोटिशीवर भाषांतरासाठी मोबाईल धरून ‘फाशीचा अर्ज’ वाचलेली माणसं घामाघूम होऊन माझ्याकडे आली आहेत. कन्नडमध्ये त्यालाच ‘अमलजारी’ म्हणतात, जे आपल्या कुणालाही उमगेल. ‘इश्यू’ म्हणजे दाव्यातला मुद्दा, आणि ‘डाइड विदाउट इश्यू’ म्हणजे निपुत्रिक वारला.

शब्दांवर माझा राग नाही. माझा राग पानाच्या तळाच्या ओळीवर आहे. मजकूर मराठीतून वाचून दाखवला, समजावून सांगितला आणि कबूल झाला, असं तिथे आधीच छापलेलं होतं. कुणी वाचला होता? ही ओळ अडाणी माणसाच्या रक्षणासाठी आहे, आणि वकिलांचे कारकून ती लेटरहेडसारखी प्रत्येक कागदाला चिकटवतात.

मी आज्जींना सगळं सांगितलं. ‘फुल’च्या जागी ‘पार्ट’ घालता येतं, म्हणजे साठ हजार वजा होऊन बाकीची मागणी शाबूत राहते, हेही सांगितलं. समोरचा माणूस माझ्यावर उखडला, “तुझं काम टाईप करायचं.” ‘पार्ट’ला तो तयार होईना. आज्जींनी सही केली नाही. त्याने डिमांड ड्राफ्ट पाकिटात घातला आणि निघून गेला.

मग आज्जी बाकावर टेकल्या. म्हणाल्या, “लेकीचं ऑपरेशन आहे रे बाबा. मला आज पाहिजे होते.”

डिक्री बजावून घ्यायला १२ वर्षांची मुदत असते, आणि समोरचा माणूस ते पुरतं ओळखून आहे. त्याला घाई नाही. सही आज्जींनी अर्थ समजून, स्वतःच्या मर्जीने रोखली, आणि मला तेच हवं होतं. पण ऑपरेशनची तारीख पुढच्या सोमवारची होती, आणि दरखास्तीची तारीख त्यानंतर महिन्याने.