अमीर, अस्वल आणि सिंह

साम्राज्यांच्या चढाओढीवरची एकोणिसाव्या शतकातील व्यंगचित्रे चाळताना मी प्रत्येक वेळी ३० नोव्हेंबर १८७८ च्या ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातील जॉन टेनिएल यांच्या चित्रापाशी थांबतो. मध्ये अफगाणिस्तानचा अमीर शेर अली, एका बाजूला रशियाचे अस्वल, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचा सिंह, आणि खाली अमीराच्या तोंडचे उद्गार: ‘माझ्या मित्रांपासून मला वाचवा!’ दोन्ही जनावरे स्वतःला त्याचे मित्र म्हणवतात, यातच चित्राची सारी धार आहे.

‘पंच’ची मंडळी दर बुधवारी एकत्र जेवताना त्या आठवड्याच्या मोठ्या चित्राचा विषय ठरवीत. मग टेनिएल ते लाकडी ठोकळ्यावर रेखाटीत आणि कोरणारे कारागीर रेषांच्या आजूबाजूचे लाकूड काढून टाकीत. अस्वलाच्या अंगावरचा एकेक केस म्हणजे त्या घाईतही हात न चळता शिल्लक राखलेली लाकडाची बारीक धार आहे. हे कसब पाहून मी आजही थक्क होतो.

चित्र छापून आले तेव्हा ब्रिटिश आणि अफगाण यांच्यातील युद्धाला तोंड फुटून नऊ दिवस झाले होते. जुलैमध्ये रशियाचे शिष्टमंडळ काबूलला पोहोचले होते आणि सप्टेंबरात ब्रिटिशांचे शिष्टमंडळ खैबर खिंडीतून परत पाठवले गेले होते, एवढे निमित्त हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना युद्धासाठी पुरले. अमीराने रशियाकडे मदत मागितली, ती मिळाली नाही, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मझार-इ-शरीफ येथे त्याचा अंत झाला.

टेनिएल यांची सहानुभूती अमीरापर्यंत पोहोचली, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही पुण्यात बसून हे चित्र पाहणाऱ्याला त्यातली एक उणीव बोचते. या युद्धाच्या खर्चाचा मोठा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला, आणि तोही १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचा शेतकरी कंगाल झालेला असताना. दुष्काळनिवारणाच्या नावाने बसवलेल्या कराचा पैसा अफगाण मोहिमेकडे वळवला गेला, अशी टीका त्या काळातच झाली होती. हा भरणा करणारा माणूस चित्रात कुठेच नाही. हिंदुस्थान ‘पंच’ला अपरिचित होता असेही नाही, ऑगस्ट १८५७ मध्ये टेनिएल यांनीच त्याला बंगालचा वाघ करून त्याच्यावर ब्रिटिश सिंहाची झेप दाखवली होती.

शेर अली मरण पावला त्याच महिन्यात, पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह बंड उभारले. दुष्काळाने गांजलेली गावे त्यांनी हिंडून पाहिली होती. आपल्या शाळांमधून हे व्यंगचित्र आणि फडक्यांचे बंड एकाच धड्यात शिकवले जावे, असे मला फार मनापासून वाटते.