मोजपट्टी घेऊन नगरच्या रणगाड्यांकडे

पॅटन रणगाड्यासमोर आमचे चिरंजीव (वय वर्षे दहा) मोजपट्टीचं एक टोक जमिनीला टेकवून उकिडवे बसले होते आणि त्याचे बाबा दुसरं टोक हात उंच करून धरून उभे होते. "तीन मीटरच्या वर जातोय!" असं तो ओरडला, तेव्हा शेजारून जाणाऱ्या एका कुटुंबाने आमच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

त्याचं असं आहे की, गेल्या दिवाळीपासून आमचं जेवणाचं टेबल आमचं राहिलेलं नाही. तिथे पंजाबच्या सीमेवरचं खेमकरण पसरलंय. चार्टपेपरवर षटकोनी घरं, हिरव्या रंगाचे उसाचे पट्टे आणि रणगाडे म्हणून बाटल्यांची झाकणं. सप्टेंबर 1965 मधली, त्याच भागातली भारत-पाक असल उत्तरची लढाई आम्ही निदान पंधरा वेळा खेळलो असू. भारतीय फौजेने घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे लावले, कालवे फोडून शेतं भिजवली आणि पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे त्या चिखलात आणि उसात अडकले. भारतीय नोंदीप्रमाणे 97 पाकिस्तानी रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. आमच्या खेळात भिजलेल्या घरात शिरायचं तर फासा टाकायचा, एक किंवा दोन पडले की रुतला. जीपवरची तोफ गोळा डागेपर्यंत पटावर ठेवायचीच नाही, ती कुठे आहे ते फक्त चिठ्ठीवर लिहायचं. अशाच जीपवरच्या तोफेने पॅटन फोडणाऱ्या 4 ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीदांचं नाव मुलांना या नियमामुळे कळलं, पाठ्यपुस्तकातून नव्हे.

पण झाकणं म्हणजे झाकणंच. म्हणून मे महिन्यात पुण्याहून नगरला (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियम बघायला गेलो. मे महिना निवडला ही आमची चूक. जवळजवळ सगळे रणगाडे उघड्यावर, झाडांच्या मधे मांडलेले आहेत आणि अकरानंतर ते पोलाद तव्यासारखं तापतं. मुलीने एकदा सहज हात टेकवला आणि पुढचा अर्धा तास पाण्याची बाटली धरून बसली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. तेव्हा नाहीच जमलं तर पहाटे निघा. पुण्याहून साधारण 120 किलोमीटर आहे. शिरूर किंवा सुप्याला मिसळ खाऊनही दहाच्या आत पोहोचता येतं. संग्रहालय नगर-सोलापूर रस्त्याच्या बाजूला, फराहबागेजवळ आहे. लष्कराच्या ताब्यातली जागा आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ असू द्या, निघण्याआधी वेळा विचारून घ्या आणि फोटोंबद्दल फाटकावरच विचारा. रणगाड्यांवर चढू नका. मुलांना हे गाडीतच बजावून ठेवा, कारण पहिल्या रणगाड्यापाशीच पाय वर जातो.

1994 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात पन्नासच्या आसपास वाहनं आहेत. सगळी बघायला गेलात तर विसाव्यापाशी मुलं कंटाळतात. आम्ही आदल्या रात्री मोजकेच निवडून ठेवले होते, प्रत्येकी दोन, आणि प्रत्येकापाशी एक प्रश्न. हा उपाय भलताच लागू पडला. मुलीने जपानी हा-गो आणि ब्रिटिश चर्चिल घेतले होते. हा-गोचं चिलखत जाडीत जाड ठिकाणी 12 मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढं, आणि तिथल्या चर्चिलचं समोरून 152, म्हणजे अर्धा फूट. आकडे घरीच पाठ होते. पण हा-गोचा तो बुटका, रिव्हेट मारलेला डबा प्रत्यक्ष बघून ती म्हणाली, "आई, यात बसायला कोण तयार झालं असेल?" मी रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपाशी जास्त रेंगाळले. लढाईला निघालेली गाडी एवढी देखणी असावी, याचं जरा नवलच वाटलं.

मुलाचे दोन म्हणजे अर्थातच पॅटन आणि एएमएक्स-13. असल उत्तरला आपल्याकडे सेंच्युरियन, शेरमन आणि हे छोटे फ्रेंच एएमएक्स होते. आमच्या पटावर एएमएक्स म्हणजे सगळ्यात दुबळं झाकण, कोणी घ्यायला तयार नसायचं. पॅटनला पट्टी लावून झाल्यावर तो एएमएक्सपाशी गेला. सव्वादोन मीटरच्या थोडं वर. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बाबा, हा उसात दिसलाच नसता." तिथल्या तिथे वहीत नवा नियम लिहिला गेला: उसात थांबलेल्या एएमएक्सवरचा पहिला नेम चुकलाच असं धरायचं. वही आणि पट्टी नक्की न्या. खेळ आधी आणि संग्रहालय नंतर, हाच क्रम ठेवा. उलटं केलं तर मुलांना नुसतं लोखंड दिसतं.

रेजिमेंटांच्या स्मृती जपणारं दालन मात्र आम्ही शेवटी ठेवलं, उन्हातून आत जायचं म्हणून. तिथे मुलं गप्प झाली. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर 1965 मध्ये आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल 1971 मध्ये, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. खेतरपाल पुण्यात जन्मले आणि बसंतरच्या लढाईत कामी आले तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. "म्हणजे दादापेक्षा दोनच वर्षांनी मोठे," मुलगी म्हणाली. दादा म्हणजे तिचा मामेभाऊ, जो अजून गाडीची किल्ली हरवतो.

वेळ उरला तर भुईकोट किल्ला जवळच आहे. 1942 नंतर नेहरू, आझाद वगैरे नेते तिथे कैदेत होते आणि 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो शिंद्यांकडून घेतला होता. आम्ही उन्हाने बेजार झालो होतो, बाहेरूनच परत फिरलो.

घरी आल्यावर मुलीने प्रत्येक झाकणाच्या आत मार्करने आकडा लिहिला: एएमएक्समध्ये तीन, सेंच्युरियनमध्ये चार, एम-47 पॅटनमध्ये पाच. आतल्या माणसांचा. पटावरून उठवलेलं झाकण आता डब्यात फेकायचं नाही, स्टीलच्या एका वाटीत ठेवायचं आणि डाव संपला की बेरीज करायची, दोन्ही बाजूंची. ती वाटी टेबलावरच असते, त्यामुळे दही वाढायला मला दुसरी काढावी लागते.