मॅडम, पगार मी देतो, स्लिप कुठून आणू?

आधी रागाचं सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल. टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे आपण गेलो तरच घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचा, फॉर्म मी एप्रिल २०२५ मध्ये भरला आणि पॉलिसी हातात पडली ऑक्टोबरात. मधल्या काळात माझ्याकडे पगाराची स्लिप किती वेळा मागितली, ते मोजायचंही मी सोडून दिलं.

अशोक चौकाजवळ आमचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं काम आहे. सहा शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक काज-बटणाचं, माणसं आठ. दर शनिवारी पगार मी वाटतो. फॉर्मच्या पहिल्याच पानावर ‘स्वतःचा व्यवसाय’ यावर खूण केली होती. तरी फोनवरची मुलगी म्हणायची, ‘सर, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप अपलोड केल्या की लगेच पुढे जाईल.’ एकदा न राहवून म्हणालो, ‘मॅडम, पगार मी देतो, स्लिप कुठून आणू?’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘मग तुमच्या एचआरला सांगा ना सर.’ आमची एचआर म्हणजे बायको. ती तेव्हा काज-बटणाच्या मशीनवर बसली होती.

विम्याचं डोक्यात आलं ते गल्लीतल्या टॉवेलवाल्या अण्णांमुळे. हार्टचं दुखणं निघालं आणि हॉस्पिटलचं बिल भागवायला त्यांनी दोन लूम (माग) विकले. माणूस वाचला, पण शेड अर्धी रिकामी झाली. त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, ‘आपल्याकडे विकायला लूमसुद्धा नाहीत ओ.’

हेल्थचं काम पंधरा दिवसांत झालं. चौघांसाठी मिळून दहा लाखांची पॉलिसी, हॉस्पिटलच्या खोलीच्या भाड्यावर मर्यादा नसलेली. मर्यादेचं का बघायचं? पाच लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा एक टक्का असेल, तर दिवसाला ५,००० होतात. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर वरचे ३,००० तर जातातच, शिवाय डॉक्टरांची आणि ऑपरेशनची रक्कमही त्याच हिशोबात कापतात. हे कुणी तोंडाने सांगत नाही, बारीक अक्षरात असतं. मला बीपीची गोळी चालू आहे. एजंट म्हणाला, ‘एकच गोळी ना, लिहू नका, प्रीमियम वाढतो.’ मी लिहिलं. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावता येतं (२०२४ च्या आधी चार होती), ती थांबायची माझी तयारी आहे. लपवलं आणि ऐन दवाखान्यात उघडं पडलं, तर भरलेले हप्ते पाण्यात. वडील ७३ वर्षांचे. त्यांना आमच्या पॉलिसीत घेतलं असतं तर हप्ता परवडलाच नसता. त्यांचं सत्तरच्या वरच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड काढलं. पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही.

आता खरं दुखणं. टर्मचा एक कोटीचा मागितला होता. स्लिपचा नाद सुटल्यावर कंपनीने तीन वर्षांचे आयटीआर (इन्कम टॅक्सची रिटर्न) मागितले. मी रुबाबात दिले. आपण दरवर्षी रिटर्न भरतो याचाच अभिमान. आठ दिवसांनी मेल आला: तुमच्या उत्पन्नावर ४२ लाखांपर्यंतच कव्हर (विम्याची रक्कम) देता येईल. आणि त्याखालीच दुसरी ओळ: या प्लॅनमध्ये किमान कव्हर ५० लाख. म्हणजे मागितलेला मिळणार नाही, आणि जो मिळेल तो त्यांच्याकडे नाही.

झालं असं की आमचे टॅक्सवाले काका कलम ४४एडीखाली रिटर्न भरायचे. त्यात वह्या सांभाळायची कटकट नाही. विक्रीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. ३५ लाखांच्या विक्रीवर त्यांनी २ लाख ८० हजार दाखवले. त्याआधीची दोन वर्षंही तशीच. प्रत्यक्षात घरात साडेचार-पाच लाख येत होते. पण कायद्यातले ते ८ टक्के किमान आहेत. जास्त सुटत असतील तर जास्त दाखवायचे असतात. आम्ही ‘किमान’ हा शब्द वाचलाच नव्हता.

काकांकडे गेलो. पंख्याखाली बसून म्हणाले, ‘कशाला जास्त दाखवायचं मालक? मी तुमचा टॅक्स वाचवला की.’ घरी येऊन हिशोब मांडला, तर टॅक्स वाचलाच नव्हता. टॅक्सच्या जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत आणि २०२३-२४ पासून नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत टॅक्स शून्यच होता. खरा आकडा लिहिला असता तरी एक रुपया जादा लागला नसता. फुकटात गरीब दिसत होतो मी, तीन वर्षं, सही-शिक्क्यासकट. कंपनी तो कागदच बघणार. जूनमध्ये आमच्याकडे रात्री दोनपर्यंत मशीन चालतात हे तिला कसं कळणार? काकांचा राग आला, पण सही माझीच होती.

२०२४-२५ चं रिटर्न जुलैत खऱ्या आकड्याने भरलं. विक्री ४६ लाख, नफा ६ लाख ४० हजार, टॅक्स शून्य. वाटलं, सुटलो. लगेच नवा प्रश्न: उत्पन्न एका वर्षात दुपटीच्या वर कसं गेलं, खुलासा करा. खुलासा लिहिला. मग बँक स्टेटमेंट. ते दिलं, तर फाइल दोन एमबीच्या आत हवी. झेरॉक्सवाल्या पोराने छोटी करून दिली, तर अक्षरं दिसत नाहीत म्हणून परत. पुन्हा पाठवली, तर तिसऱ्या दिवशी मेसेज: तुमची सॅलरी स्लिप प्रलंबित आहे. मोबाइल कापडाच्या ठाणावर आपटला. ठाण खाकी होतं, मऊ होतं, म्हणून वाचला.

ऑगस्टअखेर पैसे परत मागितले आणि दुसऱ्या कंपनीकडे गेलो. तिथे फॉर्ममध्ये प्रश्न असतो: आधी कुठे प्रस्ताव दिला होता का, नाकारला का? खरं तेच लिहिलं. या वेळी मागायची वाट न बघता सगळं एकदम दिलं. आयटीआर आणि त्यासोबतचं उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन, म्हणजे हिशोबाचं पान (नुसती पोचपावती चालत नाही), वर्षभराची जीएसटी रिटर्न, चालू खात्याचं स्टेटमेंट, उद्यमचं (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेट, आणि एका पानावर साध्या मराठीत की धंदा काय, शाळा किती, पैसे कसे येतात. रक्त घ्यायला मुलगा सकाळी साडेसहाला युनिटवरच आला. कटिंगच्या टेबलावर हात ठेवून बसलो. तंबाखूची तपासणीही असते म्हणाला. आमचा कटर लांबून ओरडला, ‘मालक, बरं झालं, मावा खात नाही तुम्ही!’ मिळाला ७५ लाखांचा, वय ६० पर्यंत. एक कोटी नाहीच.

उशिराचा एक फायदा झाला तोही सांगायला हवा, नाहीतर मी नुसता कुरकुरतोय असं वाटेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. माझा हप्ता १७,५००, म्हणजे ३,१५० वाचले. हेल्थचा हप्ता मात्र मे महिन्यात जीएसटीसकट भरून बसलो होतो. चालायचंच.

एक राहिलं, आणि ते धंदेवाल्यांनी नीट वाचा. आपल्या डोक्यावर सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिटचं), मशीनचं कर्ज असतं. उद्या आपण गेलो तर विम्याच्या पैशांवर कर्ज देणारे हक्क सांगू शकतात. पॉलिसी घेतानाच ‘विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४’ खाली घेतली, तर ते पैसे बायको-मुलांचेच राहतात. फॉर्ममध्ये छोटा चौकोन असतो. नंतर खूण करता येत नाही आणि एकदा लिहिलेली नावं बदलता येत नाहीत. पहिल्या कंपनीच्या फॉर्मवर माझा तो चौकोन कोराच राहिला होता. म्हणजे तिथे काम झालं असतं तरी पंचाईतच होती.

नव्या पेठेतल्या ओळखीच्या एजंटने मध्येच ‘पैसे परत मिळणारी’ पॉलिसी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. वर्षाला साठ हजार भरून आठ लाखांचं कव्हर. माझे डोळे मिटले तर आठ लाखांत किती दिवस निघणार? चहा पाजून पाठवला.

आणि हो, आठही माणसांना बँकेत नेऊन वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती (आयुर्विमा) आणि २० रुपयांची अपघाताची सरकारी योजना सुरू करून दिली. दोन्हींत दोन-दोन लाख. मीही घेतली, टर्मचं घोंगडं भिजत होतं तेव्हा तेवढाच आधार होता. फक्त मेअखेरीस खात्यात पैसे हवेत, नाहीतर हप्ता कटत नाही आणि विमा बंद पडतो. मी त्यांना २५ मेलाच आठवण करतो.

पॉलिसीची प्रिंट काढून बायकोला दाखवली, कुठे ठेवली तेही दाखवलं. तिने पानं उलटली, ७५ लाखांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘एवढा महाग आहात होय?’

पहिल्या कंपनीचा परवा पुन्हा मेसेज आला. सॅलरी स्लिप अजून प्रलंबित आहे.